आपला माणूस बघेल!

केवायसीसाठी बँकेला आधारची प्रत हवी होती, कागदावरच. झेरॉक्सच्या दुकानात मी मोबाइलवर गूगल ड्राइव्ह उघडलं, एवढाच माझा गुन्हा.

"आधार कार्ड अमेरिकेत ठेवता?"

मागे एक आजोबा. सफारी सूट, काखेत फाइल.

"काका, सर्व्हर मुंबईतसुद्धा असेल."

"सर्व्हर कुठे का असेना, मालक कोण? त्यांचा २०१८चा क्लाऊड ॲक्ट वाचा. कंपनी अमेरिकन असली की तिथल्या कोर्टाने मागितलेला डेटा द्यावाच लागतो, मग तो कुठल्या का देशात असेना! आणि ती नायरा, तेलकंपनी? २०२५च्या जुलैत युरोपने निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने वाडीनारच्या रिफायनरीवाल्यांची सेवाच तोडली. युरोपचा कायदा, अमेरिकेची कंपनी आणि ईमेल बंद कुणाचं? गुजरातेतल्यांचं! दिल्ली हायकोर्टात धावावं लागलं."

संताप याचा की म्हातारा बरोबर बोलत होता. रांगेतला कॉलेजचा पोरगा तर माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी नौदलाचे नकाशे विकायला आलोय.

मीही सोडलं नाही. म्हटलं, आपला २०२३चा डेटा संरक्षण कायदा तरी कुठे सोवळा आहे? देशाच्या सुरक्षेचं नाव घेऊन केंद्र हव्या त्या सरकारी यंत्रणेला त्यातून सूट देऊ शकतं.

"आपलंच सरकार ना? आपला माणूस बघेल तर बघू दे की!"

हे 'आपला माणूस' प्रकरण मला कधी झेपलेलं नाही. माझा नंबर विकला तो आपल्याच माणसांनी. ऐन जेवणात पर्सनल लोनचा फोन येतो तोही शुद्ध मराठीत. कॅलिफोर्नियातून मला अजून कुणी पनवेलचा टू बीएचके विकायला आलेलं नाही.

"व्हॉट्सॲप करा," दुकानदार पोरगा म्हणाला. भिंतीवर नंबर रंगवलेला. आजोबांनी तेवढ्यात स्वतःचं पॅन, पासबुक आणि काकूंचं आधार त्या नंबरवर धाडलंसुद्धा.

"काका, व्हॉट्सॲप अमेरिकन आहे."

"पण पिंट्या आपला आहे!"

पिंट्याच्या स्क्रीनवर अख्ख्या वॉर्डाची आधार कार्डं एकाखाली एक पसरलेली होती. माझी पहिली प्रत फिकट आली. त्याने ती उलटी केली, पाठीवर आजोबांच्या पैशांची बेरीज मांडली आणि कागद त्यांच्या हातात दिला.

"अहो, ते माझं आधार आहे!"

"असू द्या हो, मागे माझा हिशेब आहे." घडी घालून त्यांनी तो खिशात टाकला आणि चालू लागले.

पिंट्याने त्या फिकट प्रतीचेही दोन रुपये माझ्याकडूनच घेतले.