नावावर एखादं पेटंट हवंच

नावावर फ्लॅट नसला तरी चालेल, पण रिटायर व्हायच्या आत डझनभर पेटंटं हवीत. शोध लागायची वाट बघू नका, त्यात वय जातं.

सुरुवात औषधाच्या वेष्टनापासून करा. खुद्द औषधाला हात लावू नका, ते उंदरांचं आणि वर्षानुवर्षांचं काम. बाटलीचं झाकण घ्या. अर्जात मात्र ‘झाकण’ लिहिलंत तर संपलात. ‘पात्राच्या मुखाशी विलग होण्याजोग्या रीतीने संलग्न आवरण-घटक’ असं लिहा. मग हाच घटक फिरवून निघणारा, दाबून फिरवायचा, पोरांना न उघडणारा (आजोबांनाही न उघडणारा, पण ते लिहू नका): अर्जात प्रत्येकावर वेगळा हक्क सांगायचा, म्हणजे वेगळा दावा. आपल्याकडे दहा दाव्यांपर्यंत जादा फी पडत नाही, तेव्हा मराठी माणूस दहावर थांबतो.

मग लस. इथे पोलिओची लस काढणाऱ्या जोनास साल्कचा आदर्श नको. त्या लशीचं पेटंट कोणाकडे, असं १९५५ साली टीव्हीवर विचारलं तर हा गृहस्थ म्हणाला, लोकांकडे. सूर्याचं पेटंट घेता येतं का? बायोडेटा वाया. त्यापेक्षा करोनाची लस काढणारी मॉडर्ना कंपनी बघा. साथ असेतो पेटंटवरून कोणाला कोर्टात खेचणार नाही, असं २०२० मध्ये जाहीर केलं आणि २०२२ मध्ये फायझर-बायोएनटेकला खेचलं. पुण्यही पदरात, वसुलीचा दावाही दाखल.

सॉफ्टवेअर त्याहून सोपं. आपल्या कायद्याचं कलम ३(के) ‘नुसत्या’ प्रोग्रामला पेटंट देत नाही. म्हणून शेजारी प्रोसेसर आणि मेमरी मांडायची आणि ‘प्रणाली व पद्धत’ म्हणायचं. अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने एका क्लिकच्या खरेदीचं पेटंट १९९९ साली मिळवून २०१७ पर्यंत सांभाळलं. बोट गिऱ्हाइकाचंच.

फक्त आजीच्या मिसळणाच्या डब्यातलं काही उचलू नका. जखमेवरच्या हळदीचं अमेरिकन पेटंट १९९५ साली निघालं, तर माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुढे टाकून १९९७ मध्ये ते रद्द करवलं.

अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, त्याला ऐटबाज नंबर असतो. तोच फ्रेम करा. ‘मंजूर झालं का?’ असं विचारणारा पाहुणा अजून जन्माला यायचाय.

परवा केमिस्टने दहाच्या स्ट्रिपमधून चार गोळ्या कात्रीने कापून दिल्या. एक्स्पायरीची तारीख उरलेल्या सहांबरोबर दुकानातच राहिली. ही अडचण सोडवायला जाऊ नका. तारीख प्रत्येक गोळीमागे छापा म्हणालात, तर पेटंट कार्यालयातला परीक्षक लिहून पाठवेल: यात नवीन काही नाही.