वूफर आणि वामकुक्षी

आमच्या गोरेगावच्या घरात गेली सतरा वर्षं दोन स्पीकर होते, पण त्यांना स्पीकर कुणी म्हणत नसे. एक ‘फोनचं स्टूल’ आणि दुसरं ‘मनीप्लांटचं’. लँडलाइन गेली तरी फोनच्या स्टुलाचं नाव तेच राहिलं. त्याच्यावर आता इस्त्रीला जाणारे कपडे बसायचे.

ही जोडी बाबांनी १९८३ साली हप्त्यांवर घेतलेली. तेव्हा आम्ही गिरगावात चाळीत राहायचो. वर सागाचं व्हेनिअर, पुढे तपकिरी जाळी आणि खोक्यांचा आकार असा, की खोलीत एक तर ते मावणार किंवा आम्ही. म्हणून बाबा त्यांची तोंडं गॅलरीकडे करून ठेवत आणि रविवारी सकाळी अख्खी चाळ दात घासताना नाट्यसंगीत ऐकत असे. तक्रार एकदाच आली होती. ती बाबांनी मधेच बंद केलं म्हणून, समोरच्या बिऱ्हाडातून.

“एक तर वाजवा, नाहीतर भंगारवाल्याला द्या,” दिवाळीची साफसफाई करताना बायको म्हणाली. “फर्निचर म्हणून ठेवायचं असेल तर मला खण असलेलं हवं.”

वाजवायचं ठरलं. मी व्हिडिओ बघितले होते. त्यात एक हसतमुख गृहस्थ बावीस मिनिटांत चाळीस वर्षांचा स्पीकर नवा करतो. पण त्याच्याकडे गॅरेज असतं. माझ्याकडे डायनिंग टेबल होतं आणि तेही दुपारचं जेवण आवरल्यापासून मुलीचा क्लास सुटेपर्यंत.

“त्यात अवघड काय आहे?” मी बायकोला धीर दिला. खरं तर स्वतःलाच. “१९२५ साली राइस आणि केलॉग नावाच्या दोघा अमेरिकनांनी हे तंत्र बसवलं. कागदाचा कोन, तारेचं वेटोळं आणि चुंबक. शंभर वर्षांत त्यात मुळातून काही बदललेलं नाही.”

“केलॉग म्हणजे कॉर्नफ्लेक्सवाले?”

“ते वेगळे.”

“मग नको,” ती म्हणाली. का ते मला अजून कळलेलं नाही.

जाळी काढली. वूफर म्हणजे खालचा मोठा स्पीकर. त्याच्या कागदी कोनाच्या कडेने फोमची एक रिंग असते. कोनाला फ्रेमशी बांधून ठेवायचं आणि तरी पुढेमागे हलू द्यायचं, असं सासुरवाशिणीचं काम तिच्याकडे असतं. त्या काळातला हा फोम पॉलियुरेथेनचा. हवेतला दमटपणा त्याला आतून खातो, त्यामुळे कोरड्या गावातसुद्धा तो पंधरा-वीस वर्षांपलीकडे फारसा टिकत नाही. मुंबईत तर डब्यातला पापड आठवडाभर कुरकुरीत राहात नाही. रिंगला मी नुसतं बोट लावलं आणि तिची काळी, चिकट भुकटी झाली. ती टेबलक्लॉथवर पडली, तिथून माझ्या नाकावर गेली आणि तिथून, कशी ते माहीत नाही, फ्रिजच्या हँडलवर.

वूफर उचलल्यावर खोक्याच्या आत झुरळांची सोसायटी निघाली. बहुधा नोंदणीकृत असावी, कारण बाहेर पडताना त्यांच्यात शिस्त होती. मागे ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस, होता. तो मी उघड्या हातांनी काढला आणि पुढचे दोन दिवस ऑफिसात कोपरापर्यंत खाजवत बसलो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सौजन्याने एका त्वचारोगतज्ज्ञाचा नंबर दिला.

मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सचं काही हवं असेल तर लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण त्या नावाने रस्ता विचारलात तर टॅक्सीवाला तुम्हाला पाहुणा समजतो. ग्रँट रोडला उतरलो आणि एका बोळकंडीवजा दुकानात ऐटीत म्हणालो, “आठ इंच का फोम रिंग. दो.”

दुकानदाराने मान वर केली नाही. “आठ इंच तो सब बोलते हैं. कोन का नाप बोलो. फ्रेम का अंदर का नाप बोलो. रोल कितना चौडा है बोलो.”

मला स्वतःच्या शर्टाचं माप सांगता येत नाही. परत आलो. पुढच्या शनिवारी मापं घेऊन गेलो, ती सेंटिमीटरमध्ये. त्याला मिलिमीटरमध्ये हवी होती. दहाने गुणायचं काम त्याने माझ्यावर सोपवलं आणि मी गुणत असताना मागच्या तीन गिऱ्हाइकांना माल दिला.

रिंग मिळाल्या. आता कपॅसिटर. ट्विटर म्हणजे वरचा छोटा स्पीकर. जाड आवाज त्याच्यापर्यंत पोचू नयेत म्हणून वाटेत एक कपॅसिटर बसवलेला असतो. जुना इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर चाळीस वर्षांत आतून सुकतो, तेव्हा बदललेला बरा. मी खिशातून कागद काढला आणि चार मायक्रोफॅरडचा, पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा, अशी पाठ केलेली ऑर्डर दिली. परदेशी साइटवर त्याच्या एका नगाच्या किमतीत माणूस रत्नागिरीला जाऊन परत येतो.

दुकानदाराने ड्रॉवरमधून एक पांढरं डबडं काढलं. “ये लो. पंखे का.”

“पंखे का नहीं, ऑडिओ का चाहिए.”

“पॉलिप्रॉपिलीन बोला ना? ये पॉलिप्रॉपिलीन है. चार बोला ना? चार लिखा है. पंखे को मालूम नहीं, स्पीकर को भी मालूम नहीं.”

वाद घालायला जागा नव्हती. छताच्या पंख्याला खरोखरच पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा कपॅसिटर असतो, हे मी प्लॅटफॉर्मवर उभं राहून मोबाइलवर तपासलं आणि मनातल्या मनात त्याची माफी मागितली. घरी मात्र डबडं लपवावं लागलं. बायकोने ते शोधलंच. त्या दिवसापासून घरात येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते, “यांच्या स्पीकरला रेग्युलेटर बसवायचा राहिलाय.”

कोनावरचा जुना गोंद काढणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम. घरात २०२० सालातलं पाच लिटर सॅनिटायझर पडून होतं. म्हटलं, अल्कोहोल ते अल्कोहोल. पण त्यात ग्लिसरीन. गोंद निघाला नाही, कोन तेवढा गुळगुळीत झाला. मग मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणलं, त्यात कापूस बुडवून इंच इंच पुसत बसलो. टेबलावर बसून असं एखाद्या गोष्टीचं तोंड पुसायची वेळ मुलगी दोन वर्षांची असताना आली होती. तेव्हा ती निदान मधून मधून हसायची तरी.

इथे एक इशारा देतो. मला कुणी दिला नव्हता. वूफरच्या पाठीला चुंबक असतं आणि ते दिसतं त्यापेक्षा जास्त खेचतं. मी फ्रेमजवळ स्क्रू फिरवत होतो. हात किंचित सैल झाला आणि स्क्रूड्रायव्हर आपण होऊन, घरी परतणाऱ्या जनावरासारखा, कोनातून आरपार गेला. टक्. एवढाच आवाज. सतरा वर्षांनंतर त्या स्पीकरमधून निघालेला तो पहिला आवाज. भोक फेव्हिकॉल आणि टिश्यू पेपरच्या तुकड्याने बुजवलं. ते बुजतं आणि ऐकताना कळतही नाही. मला कळतं.

आता रिंग चिकटवायची. कोन अगदी मधोमध बसावा लागतो, कारण आतलं तारेचं वेटोळं चुंबकातल्या अरुंद फटीत हलतं आणि केसभर सरकलं तरी घासतं. मध्य साधायची एक युक्ती म्हणजे गोंद ओला असताना स्पीकरला तीस हर्ट्झचा सूर द्यायचा. कोन हलत राहतो, घासला तर खरखर ऐकू येते, सरकवून नीट करायचा आणि गोंद धरेपर्यंत सूर चालू ठेवायचा.

रविवार, दुपारी अडीच. घरी पुरणपोळी झालेली. बाबा आत आडवे, बायको आत आडवी, सगळी बिल्डिंग आडवी. मी सूर लावला. तीस हर्ट्झ म्हणजे ऐकू येतो म्हणावा तर नाही आणि नाही म्हणावा तर पोटात काहीतरी गुरगुरतंय असं वाटत राहतं. खरखर होती. ती नीट ऐकू यावी म्हणून मी आवाज वाढवला. चाळीस मिनिटं कोनाकडे टक लावून बसलो. इतकी एकाग्रता मला दहावीला साधली असती तर आज स्पीकर विकत घेतले असते. सव्वातीनला गोंदाने धरलं, मी सूर बंद केला आणि तिथेच खुर्चीत डोळा लागला.

संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सत्तेचाळीस मेसेज. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना २:३५ला ‘घरघर’ जाणवली होती. त्यांच्या खालच्यांच्या कपाटातल्या काचा थरथरल्या होत्या. सेक्रेटरींनी वॉचमनला पंपाकडे पिटाळलं. वॉचमनने पंप बंद केला, तरी आवाज चालूच. मग प्लंबर आला. त्याने पंपाला कान लावला आणि बेअरिंग गेल्याचं निदान केलं. बेअरिंग बदललं, अठराशे रुपये. शेवटचा मेसेज सेक्रेटरींचा होता: ‘बेअरिंग बदलल्यानंतर ३:१५ वाजता आवाज पूर्ण बंद झाला आहे. प्लंबरच्या तत्परतेचे कौतुक. सहकार्याबद्दल आभार.’

मी अंगठा दाखवला. सगळ्यांनीच दाखवला होता. एकट्यानेच न दाखवणं संशयास्पद दिसलं असतं.

पण दुसरा वूफर शिल्लक होता आणि सोसायटीच्या पंपाला आता आणखी बेअरिंग उरलं नव्हतं. तेव्हा दुसरी पद्धत. कोनाच्या मधली टोपी काढायची आणि वेटोळ्याच्या आत चारही बाजूंनी पातळ पट्ट्या खोचून ते मधोमध पकडायचं. त्या पट्ट्यांना जुन्या एक्स-रेची फिल्म उत्तम. घरात एक्स-रे एकच होता, बाबांच्या गुडघ्याचा, २०११ सालचा. निम्मा कापून झाल्यावर बाबा मागे येऊन उभे राहिले.

“कुठल्या पायाचा?”

“उजव्या, बाबा.”

“मग काप. दुखतो तो डावा.”

पंधरा दिवसांनी तारा जोडल्या, इस्त्रीचे कपडे उतरवले, मनीप्लांट खिडकीत गेलं. बाबांना समोर बसवलं. गाणं सुरू झालं. गवई आला, पेटी आली, तबल्याची चाटसुद्धा टणटणीत आली. डग्गा मात्र कांदिवलीलाच उतरला होता. मी चार रात्री कपॅसिटरवर संशय घेतला. शेवटी दीड व्होल्टचा सेल लावून पाहिलं. एक कोन बाहेर आला, दुसरा आत गेला. एका वूफरच्या तारा मी उलट्या डकवल्या होत्या. एक हवा ढकलतोय, दुसरा तीच ओढून घेतोय आणि मधे काहीही उरत नाही. आमची वार्षिक सर्वसाधारण सभा अशीच चालते. तारा बदलल्या आणि डग्गा आला. असा आला की बाबांनी खुर्चीच्या हातावर सम दिली आणि “गॅलरीकडे तोंड कर रे,” म्हणाले.

केलं. चौथ्या मिनिटाला इंटरकॉम वाजला. सहाव्या मिनिटाला ग्रुपवर ‘ध्वनिप्रदूषण’ या विषयाचं एक परिपत्रक आलं. त्यात माझं नाव नव्हतं, फक्त विंग आणि फ्लॅट नंबर होता. तेव्हापासून आम्ही ऐकतो, पण आवाज इतका लहान ठेवून, की सम बाबांच्या बोटांवरून ओळखावी लागते.

गेल्या मंगळवारी रात्री साडेदहाला बेल वाजली. दारात सेक्रेटरी, मागे दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आणि त्यांच्या मागे हातात टॉर्च घेतलेला वॉचमन. खालून, पायांच्या तळव्यांना जाणवेल अशी घरघर येत होती.

“अहो, काही वेळकाळ?” सेक्रेटरी म्हणाले.

मी त्यांना आत नेलं. प्लग भिंतीतून काढून ठेवलेला होता. एका स्पीकरवर धुतलेल्या चादरी होत्या, दुसऱ्यावर मनीप्लांट परत आलेलं होतं. सेक्रेटरींनी वूफरच्या जाळीवर हात ठेवून बघितला, मग जमिनीवर ठेवून बघितला.

“पंप असेल,” मी म्हणालो.

“शक्यच नाही,” ते म्हणाले. “बेअरिंग नवं आहे.”