आम्हाला शाळा हवी आहे, पण अर्धी

‘मुलगी शाळेत जात नाही’ असं सोलापुरात सांगितलं की समोरचा आधी आवाज खाली आणतो. "काय झालं ओ? तब्येतीचं काही?" तब्येत ठणठणीत आहे. "मग फीचं काही?" तेही नाही. मग सासूबाईंच्या भिशीतल्या कुणीतरी काकू थेट मुद्द्यावर येतात, "ते असू दे, हिचं दहावीचं कसं करणार?" तिन्हींत विचारण्यासारखा प्रश्न हा एकच. त्याचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं नीट बोलता येईल.

दहावी शाळेशिवाय देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हे केंद्र सरकारचं मंडळ आहे. वय १४ पूर्ण झालं की दहावीला नाव नोंदवता येतं, वर्षातून दोनदा परीक्षा होते, नोंदणी ५ वर्षं चालते आणि सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा, तर घरोघरी माहीत आहे. तो भरणारं पोर म्हणजे वाया गेलेलं, असं आपण उगाच ठरवून टाकलंय. मंडळ तेच असतं आणि परीक्षाही तीच.

तेव्हा दहावीची काळजी मला नाही. काळजी आहे ती आत्तापासून दहावीपर्यंतच्या वर्षांची. सई बारा वर्षांची आहे. गणित ती घरी ऑनलाइन करते, विज्ञान अर्धं ऑनलाइन आणि अर्धं एका शाळेत, मराठी-इतिहास माझ्याकडे आणि आजोबांकडे. त्या ‘एका शाळे’चं नाव मी लिहिणार नाही, आणि का लिहिणार नाही हेच या पोस्टचं कारण आहे.

गणिताचं आधी सांगते. आधीच्या शाळेत तिची उदाहरणं लवकर सुटायची, मग बाई म्हणायच्या, "तीच परत सुवाच्य अक्षरात उतरव." वर्गात साठाच्या वर मुलं, बाई तरी काय करणार? पण पोरगी रोज तासभर अक्षर सुधारत बसली आणि गणिताला कंटाळली. आता खान अकॅडमीवर करते. फुकट आहे, मराठीतही आहे. मला त्यातलं आवडलेलं एकच सांगते. समीकरणं सोडवताना ती सारखी अडायला लागली. शोधलं तर अडचण समीकरणात नव्हतीच, अपूर्णांकाने भागण्यात होती. ते पाचवी-सहावीचं काम. मग सरळ मागे गेलो, अपूर्णांक पुन्हा केले, पुढे आलो. ना कुणी हसलं, ना सहामाही डोक्यावर होती. वर्गाला असं मागे जाता येत नाही. शिक्षक कितीही चांगला असो, एका पोरीसाठी तो साठ जणांना पाचवीत नेऊ शकत नाही.

त्याची खोडही सांगते, कारण ऑनलाइनचं नुसतं कौतुक करणाऱ्यांचा मला राग येतो. मुलं फार हुशार असतात. ‘हिंट’ तीनदा दाबली की उत्तर समोर येतं, ते बघून पुढचं उदाहरण त्याच साच्यात बसवायचं, हिरवी खूण मिळवायची आणि मोकळं व्हायचं. म्हणून आमच्याकडे नियम आहे: वहीत पायऱ्या दिसल्या नाहीत तर ते उदाहरण झालंच नाही. यावरून भांडणं होतात. होऊ देत. आणि ज्या कंपन्यांचे लोक घरी येऊन, सोफ्यावर बसून, "मॅडम, मुलीच्या भविष्याचा विचार करा" म्हणत वर्षाचं पॅकेज हप्त्यावर गळ्यात मारतात, त्यांना चहासुद्धा विचारू नका.

विज्ञानाची गोष्ट वेगळी आहे, आणि माझं मत बनलं ते तिथे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ नावाचा प्रकल्प आहे. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. त्यात स्क्रीनवर सेल, वायर, बल्ब ओढून आणायचे आणि परिपथ जोडायचा. इलेक्ट्रॉन वाहताना दिसतात, शॉर्ट केलं तर बॅटरीला आग लागलेली दिसते. फार सुंदर आहे, पुस्तकातली आकृती त्याच्यापुढे मेलेली वाटते. सईचं धाराविद्युत स्क्रीनवर पाठ झालं होतं. एकसर जोडणी, समांतर जोडणी, सगळं.

मग त्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी खऱ्या टेबलावर सामान मांडलं. दोन सेल, एक कळ, पत्र्याचा होल्डर, टोकं सोललेल्या वायरी आणि काच तडकलेला अमीटर. चार मुलींचा गट. जोडलं, बल्ब लागेना. एक म्हणाली सेल गेला. दुसरीने बल्ब कानाशी हलवून बघितला. आमची म्हणाली, "परिपथ बरोबर आहे, लागायलाच पाहिजे," जणू बल्बाने स्वतःहून समजून घ्यावं. तिसरी गप्प बसून होल्डर बघत होती. तिचे वडील वायरमन, तिने पट्टीच्या कडेने आतला गंज खरवडला आणि बल्ब लागला. मिणमिणता, पण लागला. मग अमीटरचा काटा उलटीकडे पळायला लागला, त्यावरून पुन्हा गोंधळ, मग धन-ऋण टोकं बदलली. घरी आल्यावर सई अर्धा तास गंजाबद्दल बोलत होती. स्क्रीनवरच्या होल्डरला गंज चढत नाही आणि तिथला सेल उतरतही नाही. तोंडी बरोबर असलेली गोष्ट हाताने चालू करून दाखवायची असते, हे तिला त्या टेबलावर कळलं, आणि ते शिकवलं वायरमनच्या मुलीने. असलं सामान मी घरी आणून देईन हो, पुण्याहून ऑनलाइन किट मागवेन. त्या तीन मुली कुठून मागवू?

शिवाय ही सोलापूरची शाळा आहे. मधल्या सुट्टीत पूर्व भागातल्या पोरी आपापसात तेलुगू बोलतात, काही जणी घरी कन्नड बोलतात. सई ‘ओकटी, रेंडू, मूडू’ करत दोरीवरच्या उड्या मोजायला शिकलीय. याचा कोर्स कुठे आहे का? असला तरी नको.

तर ती आठवड्यातून काही दुपारी तिथे जाते. मुख्याध्यापक सरांनी तोंडी परवानगी दिलीय. लेखी काही नाही, कारण लेखी देण्याची सोयच नाही. तपासणी असली की आदल्या संध्याकाळी बाईंचा निरोप येतो, "ताई, उद्या सईला नका पाठवू." मुलगी घरी बसते, मला वाईट वाटतं, पण सरांचा राग येत नाही. त्यांच्या खुर्चीत बसून बघा. मूल जनरल रजिस्टरला नाही, विद्यार्थ्यांची माहिती भरायच्या सरकारी ‘सरल’ पोर्टलवर नाही, हजेरीपटावर नाही. जिन्यावरून पडलं तर जबाबदारी कुणाची? पोषण आहाराची नोंद हजेरीप्रमाणे. या पाहुणीला खिचडी वाढायची की नाही? (वाढतात. ते आपण लिहिलं नाही असं समजा.) आणि पटावर घ्यायचं तर पूर्ण घ्यावं लागतं. मग ती रोज आली पाहिजे, नाही आली तर गैरहजर, सलग नाही आली तर शाळाबाह्य म्हणून तिच्यासाठी घरी माणूस येणार. नाव पटावर ठेवून खोटी हजेरी लावायची युक्ती मला एकाने सुचवली. ते मी करणार नाही, आणि सरही करणार नाहीत.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण, आणि मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य. पालकांना शिक्षा मात्र त्यात सांगितलेली नाही, त्यामुळे घरी शिकवणारे आमच्यासारखे लोक ना धड आत, ना धड बाहेर. सहावी ते आठवीला वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन, असं हाच कायदा शाळेला सांगतो. त्या हजारातले तीनशे तास एखाद्या मुलाला दिले तर काय, हा विचार मात्र त्यात कुठेच नाही.

दुसरीकडे तो केला गेलाय. माझी मामेबहीण अमेरिकेत आयोवा राज्यात असते. तिचा मुलगा घरी शिकतो, गणित ऑनलाइन करतो, आणि बँड व रसायनशास्त्राच्या तासाला सरकारी शाळेत जाऊन बसतो. चोरून नाही, रीतसर फॉर्म भरून. आयोवा आणि आयडाहोच्या कायद्यात अशा दुहेरी नोंदणीची तरतूद आहे. वॉशिंग्टन राज्यात अर्धवेळ येणाऱ्या मुलामागे शाळेला त्या प्रमाणात पैसेही मिळतात, म्हणजे शाळेला ते मूल ओझं वाटत नाही. सगळी अमेरिका अशी आहे असं नाही. काही राज्यांत हे त्या त्या शाळा-जिल्ह्याच्या मर्जीवर आहे. आणि जर्मनीत तर शाळेत जाणं सक्तीचंच, घरी शिकवणं जवळपास बंदच. म्हणजे प्रगत देशांत असं असतं, असं सरसकट वाक्य मी टाकणार नाही. ज्यांनी केलं त्यांनी हिशोबाची रीत बसवली, एवढंच म्हणते.

आता खरा आक्षेप. हा माझ्याच एका मैत्रिणीने घेतला, ती महापालिकेच्या शाळेत शिकवते. म्हणाली, "तुझी सई घरी राहिली तर लॅपटॉपवर बसेल. माझ्या वर्गातली पोरगी घरी राहिली तर आईबरोबर विड्या वळेल."

याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. सोलापुरात हे काल्पनिक नाही. पानं घरी येतात, आई सुपात तंबाखू घेऊन बसते, हजार विड्यांचा हिशोब संध्याकाळी कारखान्याच्या ब्रँचला द्यायचा असतो, आणि दहा-बारा वर्षांच्या पोरीची बोटं आईपेक्षा चपळ असतात. त्या घरात ‘अर्धी शाळा चालते बरं का’ असा सरकारी कागद गेला तर पहिली घरी बसेल ती मुलगीच. धाकट्या भावाला सांभाळायला, नाहीतर पाणी येण्याच्या दिवशी भरायला. तिच्यासाठी ‘सक्तीचं’ हाच कायद्यातला सगळ्यात मोलाचा शब्द आहे. दुपारची खिचडीसुद्धा तिच्यासाठी शाळेत यायचं कारण आहे.

म्हणून सक्ती काढा असं मी म्हणत नाही. उलट आमच्यासारख्यांवर ती जास्त कडक लावा. मुलाचं नाव पटावरच हवं. कुठले विषय घरी, कुठले शाळेत, हे जूनमध्येच लिहून द्यायचं. जे तास ठरले त्यांना हजेरी पक्की. घरी शिकवलेल्या विषयांची परीक्षा सहामाहीला आणि वार्षिकला शाळेतच, शाळेच्या शिक्षकांसमोर. मूल मागे पडलं की सवलत बंद, पूर्ण वेळ शाळा. आणि एखादे शिक्षक कधीही घरी येऊन बघतील, दार उघडं ठेवायचं. एवढं मान्य नसेल त्या पालकाने होमस्कूलिंगच्या गप्पा मारू नयेत. माझ्या मैत्रिणीला हेही पूर्ण पटलं नाही. ती म्हणते, नियम लिहिणं सोपं, तपासायला माणसं कुठायत? ज्या शिक्षकांना निवडणूक, सर्वेक्षण आणि ऑनलाइन माहिती भरण्यातून वेळ मिळत नाही ते तुझ्या घरी कधी येणार? इथे ती बरोबर आहे, आणि सध्या माझं घोडं इथेच अडलंय.

पण दुसरी बाजूही आहे. सप्टेंबरअखेरच्या पटावर संच मान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतात. जूनमध्ये हेच शिक्षक मुलं मिळवायला दारोदार फिरतात. एकीकडे अशी धडपड, आणि दुसरीकडे आपणहून चालत आलेलं मूल कुठल्या रकान्यात बसवायचं कळत नाही म्हणून तपासणीच्या दिवशी घरी ठेवायचं. अर्ध्या मुलाला अर्धा धरा, पण धरा तरी.

आणि आपल्या जिल्ह्यात नवीन काही होत नाही असं कुणी म्हणू नये. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड वापरले, ते पुढे राज्यभरच्या पुस्तकांत आले. म्हणजे ऑनलाइन धडा शाळेच्या पुस्तकात शिरला तो आपल्याच मातीतून. धडा घरी बघता येतो हे एकदा मान्य केलं, तर उरलेल्या वेळात मुलांनी शाळेत काय करायचं, हे कुणीतरी ठरवायला हवं ना? माझ्या मते प्रयोग, खेळ, भांडण आणि दोरीवरच्या उड्या.

या फेसबुकवर माझ्या यादीत बरेच शिक्षक आहेत, दोन-तीन केंद्रप्रमुखही आहेत. मला तुमच्याकडून सरळ हिशोबाचं उत्तर हवंय: आजच्या नियमांत, खोटी हजेरी न लावता, असं मूल रजिस्टरवर घ्यायची एखादी वाट आहे का? तुमच्या शाळेत असं कुणी येत असेल तर कसं जमवलं ते लिहा. शाळेचं नाव टाकू नका, तालुका पुरे. आणि ‘मुलीला एकलकोंडी करताय’ असं लिहिणार असाल तर दुपारी तीननंतर घरी या, तेव्हा आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसते.