श्रेय ढगांना?

परवा एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, “२००१चं विम्बल्डन गोरानला पावसानं दिलं.” गोरान म्हणजे क्रोएशियाचा टेनिसपटू गोरान इव्हानिसेविच. डोकंच फिरलं. तिथे वाद घालत बसण्यापेक्षा इथेच लिहितो.

पाऊस आला, खरं आहे. सेमीफायनलला टिम हेनमननं तिसरा सेट ६-० असा घेतला, चौथ्यात २-१ पुढे होता आणि शुक्रवारी खेळ थांबला. शनिवारीही सामना संपला नाही, निकाल लागला रविवारी. इंग्लंडवाल्यांची हळहळ समजते. पण पाऊस एकट्या हेनमनवर पडत होता का? झोपायला रात्र दोघांनाही मिळालीच की! आणि त्याआधी कोण कोण गारद झालं? मोया, रॉडिक, रुसेडस्की, साफिन. फायनलला समोर राफ्टर. यातले रुसेडस्की सोडून सगळे कधी ना कधी जगात पहिल्या नंबरावर बसलेले. (रॉडिक नंतर बसला, मान्य.) क्रमवारीत १२५वा, खांदा दुखावलेला, तीन हरलेल्या फायनलच्या पुण्याईवर वाइल्ड कार्ड (क्रमवारीत बसत नसताना आयोजकांनी दिलेला खास प्रवेश) मिळालेला माणूस हे करतो आणि श्रेय ढगांना!

फायनल सोमवारी, ९ जुलैला झाली. मी आणि बाबा टीव्हीसमोर. बाबा क्रिकेटवाले, टेनिस माझ्यामुळे बघायचे. चौथ्या सेटमध्ये गोरानला फूट फॉल्ट दिला (सर्व्हिस करताना पाय रेषेला लागला म्हणून), पाठोपाठ दुसरी सर्व्हिसही बाहेर. दोन्ही सर्व्हिस चुकल्या की डबल फॉल्ट, पॉइंट समोरच्याला. गोराननं रॅकेट आपटली, नेटला लाथ घातली. बाबा म्हणाले, “गेला हा. डोकं फिरलं की संपलं.” सेट गेलाच, ६-२.

पण पाचव्यात ८-७ अशी आघाडी घेऊन तो सर्व्हिसला आला. एस (समोरच्याच्या रॅकेटला न लागता थेट पॉइंट देणारी सर्व्हिस) गेला की तोच बॉल परत मागायचा हा त्याचा नेम. बॉलबॉयनं दुसरा दिला तर चालायचं नाही. हात जोडतोय, आकाशाकडे बघतोय. पहिला चॅम्पियनशिप पॉइंट, म्हणजे हा घेतला की विजेतेपद, आणि डबल फॉल्ट. दुसरा, पुन्हा डबल फॉल्ट! माझ्या पोटात गोळा. १९९२च्या फायनलला आगासीसमोर पाचव्या सेटमध्ये ४-५ असताना यानं शेवटच्या गेमची सुरुवात अशाच लागोपाठ दोन डबल फॉल्टनं केली होती आणि सामना तिथेच गेला होता. पुढे १९९४ आणि १९९८ला सॅम्प्रसनं हरवलं. नऊ वर्षांनी तोच हात, तीच थरथर. यात पाऊस कुठे आला सांगा? उलट त्या घटकेला एखादी सर आली असती तर त्याला बरंच वाटलं असतं.

तिसऱ्या पॉइंटला राफ्टरनं डोक्यावरून असा काही लॉब टाकला की गोरान नुसता बघत राहिला. बाबा एव्हाना खुर्चीच्या कडेला. “अरे साधी टाक रे बाबा, नुसती आत टाक!”

चौथ्याला राफ्टरचा परतीचा फटका नेटमध्ये. ९-७. गोरान हिरवळीवर आडवा. मग उठला आणि स्टँडमध्ये चढून हृदयविकार असलेल्या वडिलांच्या गळ्यात पडला. मी बाबांकडे बघायचं टाळलं.

बाबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “तो दुसराही पोरगा गुणी आहे रे. त्याला कधी मिळणार?” राफ्टरची ही सलग दुसरी हरलेली फायनल. मी म्हटलं, पुढच्या वर्षी. तो त्यानंतर विम्बल्डनमध्ये सिंगल्स खेळलाच नाही.