‘सौधमधल्या विधेयकांशी मराठी माणसाचा काय संबंध?’ या मेसेजला उत्तर

बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमधलं (आपण नुसतं ‘सौध’ म्हणतो) कर्नाटकचं हिवाळी अधिवेशन जवळ आलं की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. मजकूर थोड्याफार फरकाने असा: ‘कर्नाटक विधानसभेत कुठली विधेयकं येतात याच्याशी आपलं देणंघेणं नाही, आपला दावा सुप्रीम कोर्टात आहे. अंधश्रद्धा, देवदासी, बहिष्कार हे पुरोगाम्यांचे उद्योग, देवधर्म बुडवायला काढलेले. शिवाय बहुमत असलं की विधेयक पास होतंच, निवेदनं देऊन काही होत नाही. आणि आपला एकही आमदार नाही, सांगणार कुणाला?’

हा मेसेज पुढे पाठवणारे बहुतेक जण माझ्या ओळखीचे आहेत, अधिवेशनाविरोधात महाराष्ट्र एकीकरण समिती भरवते त्या महामेळाव्याला येणारे आहेत. सीमाप्रश्नावर आमचं दुमत नाही. पण या मेसेजमधला एकेक मुद्दा चुकीचा आहे आणि त्याची किंमत आपल्याच घरातली माणसं मोजतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिला मुद्दा संबंधाचा. महाराष्ट्राने सुप्रीम कोर्टात दावा दाखल केला तो 2004 साली. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर हलगा-बस्तवाडच्या माळावरच्या त्या सौधमध्ये जे पास होतं ते येळ्ळूरच्या शेतकऱ्याला लागू होतं आणि उद्यमबागेतल्या कामगारालाही. जुलै 2024 आठवा. खासगी उद्योगांत स्थानिकांना आरक्षण देणाऱ्या विधेयकाला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली होती. व्यवस्थापनाच्या जागांत 50 टक्के, बाकीच्या जागांत 70 टक्के. ‘स्थानिक’ कोण, तर जो कर्नाटकात जन्मला, पंधरा वर्षं इथे राहिला आणि ज्याला कन्नड बोलता, वाचता, लिहिता येतं तो. दहावीला कन्नड विषय नसेल तर कन्नडची परीक्षा द्यायची. आता सीमेवरच्या गावांतली किती पोरं महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातल्या शाळांतून दहावी होतात आणि पुढे बेळगावच्या कारखान्यांत कामाला लागतात, हे मी सांगायला नको. त्या विधेयकाचा मसुदा आपल्यापैकी कितीजणांनी वाचला होता? ते थांबलं ते बेंगळुरूच्या उद्योगवाल्यांनी आरडाओरड केली म्हणून. आपला आवाज त्यात नव्हताच.

दुसरा मुद्दा देवधर्माचा. ही अफवा 2013 पासून ऐकतोय. नॅशनल लॉ स्कूलमध्ये अंधश्रद्धाविरोधी कायद्याचा मसुदा तयार झाला तेव्हापासून ‘आता वारी बंद, भजन बंद’ हे सुरू झालं. पुढे 30 ऑगस्ट 2015 ला धारवाडला कन्नड संशोधक कलबुर्गी सरांचा त्यांच्या घराच्या दारात खून झाला. त्याआधी पुण्यात दाभोलकर आणि कोल्हापुरात पानसरे गेलेच होते. अखेर नोव्हेंबर 2017 मध्ये, इथेच बेळगावच्या अधिवेशनात, विधेयक पास झालं आणि जानेवारी 2020 पासून कायदा अमलात आला. तो आणला काँग्रेस सरकारने आणि अमलात आला भाजपच्या सरकारात.

त्यात काय आहे? पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना कायदा हात लावत नाही, तसं स्पष्ट लिहिलंय. मुलांचे कान-नाक टोचणं चालतं, जैनांचं केशलोचन चालतं, ज्योतिष आणि वास्तूसुद्धा वगळलंय (ते वगळायला नको होतं असं माझं मत आहे, पण ते असो). बंदी कशावर आहे तर उष्ट्या पत्रावळींवर लोळायला लावण्यावर, बाईची नग्न धिंड काढण्यावर, पाळीच्या बाईला गावाबाहेर बसवण्यावर आणि साप चावलेल्याला दवाखान्यात न नेता मंत्र घालत बसवण्यावर. यातलं काय बंद झाल्याने आपला पांडुरंग रागावणार आहे? आषाढीला आपल्या भागातल्या दिंड्या आजही पंढरपूरला जातात. आणि महाराष्ट्रात जायचं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं की असाच कायदा महाराष्ट्राने आपल्या आधी, 2013 च्या डिसेंबरात केला आहे.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो: ‘पुरोगाम्यांचे उद्योग’. सौंदत्ती आपल्याच जिल्ह्यात आहे. माघी पौर्णिमेला डोंगरावर ‘उदं गं आई उदं’ करत जाणाऱ्या गाड्यांत निम्मी माणसं मराठी बोलतात. गळ्यात लाल-पांढरे मणी आणि हातात परडी घेतलेल्या जोगतिणी, म्हणजे यल्लम्मा देवीला सोडलेल्या देवदासी, आपण दारात लहानपणापासून पाहिल्यात. त्यांच्या पोरांना शाळेत घालताना काय होतं ते पाहिलंय का? फॉर्मवर वडिलांच्या नावाचा रकाना येतो आणि क्लार्कचं पेन थांबतं. कुणी मामाचं नाव घालतं, कुणी आजोबांचं. मागे उभी असलेली माणसं ऐकत असतात. पुढे जातीच्या दाखल्याला तेच, जमिनीच्या वाटणीला तेच.

कायदे नव्हते असं नाही. बेळगाव मुंबई इलाख्यात होतं तेव्हा 1934 चा देवदासी संरक्षण कायदा होता. कर्नाटकाने 1982 मध्ये आपला केला. पण तो मुलगी देवाला सोडणाऱ्याला शिक्षा करण्यापुरता. त्याचे नियमच कित्येक वर्षं निघाले नाहीत आणि त्या बाईच्या पोरांविषयी त्यात जवळजवळ काहीच नव्हतं. सरकारने 1993-94 आणि 2007-08 साली पाहणी केली. त्या यादीत नाव असेल तर भत्ता, नसेल तर काही नाही. कितीजणी लाजेने नाव द्यायला गेल्याच नाहीत.

मग नवं विधेयक कुणी मागितलं? मेसेजवाल्यांना वाटतं तसं बेंगळुरूच्या एसी खोलीत बसून कुणाला ते सुचलेलं नाही. चिकोडी तालुक्यातल्या सीताव्वा जोडट्टींना लहानपणीच देवाला सोडलं होतं. त्यांनी आणि त्यांच्यासारख्या बायकांनी स्वतःची संघटना उभी केली, गावोगाव जाऊन मुली सोडणं थांबवलं. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. अथणीत बी. एल. पाटील वकिलांनी देवदासींच्या मुलांसाठी शाळा काढली. अशा बायका आणि त्यांची शिकलेली पोरं वर्षानुवर्षं सरकारच्या मागे लागली. 2018 साली मसुदा तयार झाला, पडून राहिला, पुन्हा मोर्चे निघाले, आणि ऑगस्ट 2025 मध्ये विधेयक पास झालं. आता मुलाच्या कागदपत्रांवर बापाच्या नावाची सक्ती करता येत नाही, आणि मूल बाप ठरवून घेण्यासाठी अर्ज करू शकतं, त्यासाठी डीएनए चाचणीची सोय आहे. ज्यांनी हे मिळवलं त्या अशाच दारोदार फिरलेल्या बायका आहेत. त्यांना ‘उद्योगी’ म्हणताना जरा तरी विचार करावा.

बहिष्काराचंही तसंच. गावपंचांनी पाणी, दुकान, कार्य बंद करणं आपल्याकडे होतच नाही असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल? महाराष्ट्राने त्याविरुद्ध 2016 मध्ये कायदा पास केला आणि 2017 पासून तो लागू आहे. इथलं विधेयक डिसेंबर 2025 च्या बेळगाव अधिवेशनात आलं. 2023 च्या डिसेंबरात सौधमध्ये अधिवेशन चालू असताना होस वंटमुरीत एका आईला विवस्त्र करून खांबाला बांधलं होतं, कारण तिचा मुलगा गावातल्या मुलीबरोबर पळून गेला. सौधपासून तासाभराच्या आतल्या गावात.

‘बहुमत असलं की पास होतंच’ म्हणणाऱ्यांनी विधान परिषदेकडे पाहावं. फेब्रुवारी 2024 मध्ये देवस्थानांच्या उत्पन्नाचं विधेयक विधानसभेत पास झालं आणि दोनच दिवसांत परिषदेत पडलं. सरकारला ते पुन्हा आणावं लागलं. धर्मांतरबंदीचं विधेयक 23 डिसेंबर 2021 ला बेळगावात विधानसभेने पास केलं, पण परिषदेत आकडे जुळेनात म्हणून ते तिथे आणलंच नाही. मे 2022 मध्ये वटहुकूम काढावा लागला, कायदा झाला सप्टेंबरात. पुरोगामी संघटनांना ते थांबवता आलं नाही हे खरं, पण सरकारला नऊ महिने लागले हेही खरंच. विधेयक मांडण्याआधी, चिकित्सा समितीकडे गेलं तर तिथे, दोन सभागृहांच्या मधल्या दिवसांत आणि राज्यपालांच्या सहीआधी बोलायला जागा असते.

राहता राहिला आमदाराचा मुद्दा. 2018 आणि 2023 ला समितीचा एकही आमदार निवडून आला नाही, हे दुखणं खरं आहे. पण देवदासी विधेयक ज्या महिला व बालकल्याण खात्याचं, त्या खात्याच्या मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर बेळगाव ग्रामीणच्या आमदार. त्यांना निवडून देणाऱ्यांत मराठी मतदार थोडेथोडके आहेत का? मत मागायला मराठीत भाषण होतं, तर निवेदन द्यायलाही मराठी माणूस जाऊ शकतो. शिवाय पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतून परिषदेवर जाणारे सदस्य आहेत. आपल्या किती पदवीधरांनी त्या यादीत नाव घातलंय ते आधी बघा.

अधिवेशनाच्या दिवसांत कोंडसकोपला आंदोलकांसाठी तंबू पडतात. ऊसवाले येतात, अंगणवाडी सेविका येतात, मंत्री तिथे येऊन निवेदनं घेतात. महामेळावा करायचा तो करूच. त्याच आठवड्यात एक निवेदन घेऊन तिकडेही चला. त्यात एवढंच विचारू: देवदासींच्या यादीतून आपल्या तालुक्यातल्या कितीजणी सुटल्या, त्यांची नावं कधी घालणार, आणि शाळांच्या फॉर्मवरचा तो रकाना बदलल्याचं लेखी पत्र मुख्याध्यापकांना गेलं का.