माझ्या रकान्यात काकांची सही

काल कॉलेजच्या ऑफिसातल्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, बुधवारी तू अबसेंट आहेस. बुधवारी मी सकाळी नऊ ते पाच ऑडिटोरियममध्ये तिसऱ्या रांगेत बसलो होतो, खुर्चीचे वळ अजून पाठीवर आहेत, आणि मी अबसेंट.

तर इंडक्शन. इंजिनीअरिंगला ॲडमिशन मिळाली की इंजिनीअरिंग सुरू होतं असं मलाही वाटायचं. एआयसीटीईने, म्हणजे देशभरच्या तंत्रशिक्षणावर लक्ष ठेवणाऱ्या परिषदेने, २०१७ मध्ये अभ्यासाच्या आधी तीन आठवड्यांचं हे प्रकरण लावून दिलंय, त्यात व्यायाम, कला, आसपासची भटकंती, मोठ्या लोकांची भाषणं आणि मानवी मूल्यं. कागदावर छानच आहे. आमच्याकडे योगाला चटया नव्हत्या म्हणून योगाचं पीपीटी दाखवलं. शवासनाची स्लाइड आली तेव्हा हॉलने ते आधीच सुरू केलेलं होतं. आणि ॲडमिशनच्या वेळी माझ्याकडून आणि बाबांकडून, दोघांकडून वेगवेगळं लिहून घेतलंय की मी कुणाला छळणार नाही. उलट बाजूने लिहून घ्यायची सोय कुठेच नाही.

पहिल्या दिवशी पालकांना बोलावलं होतं, बाकीचे पालक समोसा खाऊन गेले, एक काका थांबले. मंगळवारी आले. बुधवारीही आले. पांढरा सदरा, टोपी, मांडीवर पिशवी, पिशवीत डायरी. मुक्काम भोसरीला पाहुण्यांकडे. त्यांचा मुलगा चार रांगा मागे, ओळखपाळख नसल्यासारखा बसायचा, आणि काका माझ्या शेजारी.

"गाव कुठलं?"

"बार्शी."

"मग घरचाच की रं! आमची तूर बार्शीच्याच अडतीला येती."

मग अडत, तोलाई, हमाली, यंदाचा पाऊस, सगळं झालं, हळू आवाजात, म्हणजे फक्त पाच रांगांना ऐकू जाईल एवढंच. स्टेजवरचे सर मानवी मूल्यांवर होते. त्यांनी विचारलं, आपल्याला सहज काय मान्य होतं, विश्वास की अविश्वास? सातशे पोरं गप्प. काकांचा हात वर.

"अडत्यावर का पोरावर?"

सर इतके खूश झाले की माइक घेऊन खालीच आले. मग म्हणाले, आपापल्या इच्छा कागदावर लिहा. मी लिहिलं, हॉस्टेलच्या रूमला पंखा. काकांनी लिहिलं, विहिरीला पाणी. सरांनी माझा कागद सगळ्यांसमोर वाचला आणि सांगितलं की बघा, ही नुसती भौतिक सुविधा, आपण इथेच अडकतो. काकांचा वाचला आणि टाळ्या वाजवायला लावल्या. आता पंखा जर भौतिक सुविधा असेल तर विहीर काय अध्यात्म आहे का? मी विचारलं नाही. काकांनी माझ्या पाठीवर थोपटलं, ते तर जास्तच लागलं.

त्याच गडबडीत हजेरीचा कागद फिरत आला. काकांनी चष्मा लावला, एक रिकामा रकाना शोधला आणि वडिलांच्या नावासकट लांबलचक सही ठोकली. रकाना माझा होता. "मोकळा दिसला म्हनून केली," म्हणाले.

मॅडमचं म्हणणं, पालकांच्या सहीचं पत्र आण. बाबा बार्शीला, दोनशेएक किलोमीटरवर. व्हॉट्सॲपवर फोटो चालणार नाही, ओरिजिनल पाहिजे. फी मात्र रात्री बारालासुद्धा ऑनलाइन चालते, तेव्हा नोट ओरिजिनल आहे का कुणी बघत नाही. खरं सांगतो, हसू येत नव्हतं. एका सहीसाठी बाबांनी एक दिवसाची रजा टाकायची, किंवा मी एसटीने जाऊन परत यायचं आणि त्या दिवसाची परत अबसेंट लावून घ्यायची.

लाइनीत माझ्यामागे काका होतेच, मुलाच्या आयकार्डासाठी.

"आन हिकडं. मी बी पालकच हाय की."

मॅडमनी पत्र घेतलं, बुधवारचा कागद काढला, दोन्ही सह्या शेजारी धरून नीट बघितल्या.

"जुळतेय," म्हणाल्या आणि शिक्का मारला.