सहा मिनिटं, जॅकेट आणि शेवटची घंटा : दोन तारे देणाऱ्या धावपटूला आयोजकांचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू मी वाचला आणि टीममधल्या सगळ्यांना वाचायला दिला. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्या डोंगरातल्या शर्यतीत तिसऱ्या एड स्टेशनवर, म्हणजे वाटेतल्या मदतीच्या ठाण्यावर, तुम्ही कट-ऑफनंतर, म्हणजे तिथे पोहोचायच्या ठरलेल्या शेवटच्या वेळेनंतर, सहा मिनिटांनी पोहोचलात. पाय नीट चालत होते, तरी बिब, म्हणजे छातीवरचा नंबर, काढून घेतला. लख्ख ऊन असताना वॉटरप्रूफ जॅकेट दिवसभर पाठीवर वाहायला लावलं. डॉक्टरांनी शाळकरी मुलाला विचारावेत तसे प्रश्न विचारले. घड्याळानं जाहीर अंतरापेक्षा जास्त किलोमीटर दाखवले. आणि विजेत्यांना ताटकळत ठेवून आम्ही ‘रखडत येणाऱ्यांसाठी’ घंटा वाजवत बसलो. म्हणून मेडल द्या, नाहीतर फी परत करा, असं तुमचं म्हणणं आहे.

कट-ऑफचं आधी सांगतो, कारण खरा राग तिथला दिसतोय.

तिसऱ्या स्टेशनपर्यंत गाडी येते. पुढे चौथ्यापर्यंत येत नाही. मध्ये डोंगराची उघडी धार आहे आणि ती संपली की सुट्या दगडांचा उतार. तिथे कुणाचा घोटा गेला तर त्याला स्ट्रेचरवर घालून, माणसं बदलत बदलत, पायीच खाली आणावं लागतं. अंधारात त्याच कामाला कितीतरी जास्त वेळ लागतो आणि उचलणाऱ्यांचेही पाय घसरतात. म्हणून या स्टेशनची वेळ आम्ही स्टार्टपासून पुढे मोजून काढत नाही, सूर्यास्तापासून मागे मोजत येतो. शेवटच्या माणसानं दगडांचा उतार उजेडात संपवायचा, तर धारेवर त्यानं किती वाजता असायला हवं, आणि त्यासाठी स्टेशन किती वाजता सोडायला हवं, असा तो हिशेब आहे.

‘सहा मिनिटांत काय बिघडलं असतं?’ असं तुम्ही विचारलंत. तुमचे स्प्लिट्स, म्हणजे टप्प्याटप्प्याच्या वेळा, निकालाच्या पानावर आहेत, ते एकदा बघा. पहिल्या ते दुसऱ्या स्टेशनमध्ये चढ जास्त होता, तरी तो टप्पा तुम्ही दुसऱ्या ते तिसऱ्यापेक्षा बऱ्याच चांगल्या वेगानं काढलात. वेग असा घसरत आला की पुढच्या चढावर सहाची वीस मिनिटं कधी झाली ते धावणाऱ्यालाही कळत नाही. त्यात स्वीपर, म्हणजे सगळ्यांच्या मागून चालणारी आमची माणसं, ठरल्या वेळी निघून गेले होते. तुम्हाला सोडलं असतं तर त्या धारेवर तुमच्या मागे आमचं एकही माणूस नसतं. तसं आम्ही कुणालाही पाठवत नाही, मग तो कितीही ताजातवाना दिसो.

बिब घेणाऱ्या स्वयंसेविकेला तुम्ही ‘निर्दयी’ म्हटलंत. ते मात्र मला पटलं नाही. मिनिटं वाढवून द्यायचा अधिकार तिच्याकडे नव्हताच, आणि तो आम्ही मुद्दाम दिलेला नाही. समोर थकलेला माणूस डोळ्यांत पाणी आणून उभा असताना ‘याला सोडू की अडवू’ हे ठरवायचं ओझं कुणाही स्वयंसेवकावर पडू नये, म्हणूनच वेळ आधी छापलेली असते.

आता जॅकेट. स्टार्टला ऊन होतं, मान्य. पण साधारण 1,000 मीटर चढलं की तापमान साडेसहा अंशांच्या आसपास उतरतं, आणि धारेवरचा वारा घामानं भिजलेल्या अंगातली ऊब काढून घेतो ती वेगळीच. 22 मे 2021 ला चीनमधल्या गान्सू प्रांतात 100 किलोमीटरची डोंगरी शर्यत झाली. 172 जण धावले. उंचावर गारा, पाऊस आणि सोसाट्याचा वारा एकदम आला आणि 21 जण गेले. त्यांत चीनमधले नावाजलेले अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनपेक्षा लांब पल्ल्याचे, धावपटूही होते. बरेच जण शॉर्ट्स आणि पातळ टी-शर्टवर होते. वारा अडवणारं जॅकेट तिथे सक्तीच्या सामानात नव्हतं. आयोजक म्हणून सामानाची यादी करायला बसलो की मला ही शर्यत आठवते. तुमच्या पाठीवरचे ते काहीशे ग्रॅम वापरावे लागले नाहीत, याचा मला आनंदच आहे. पुढच्या वर्षीही ते सक्तीचेच राहतील. शिटी आणि इमर्जन्सी ब्लँकेटही.

डॉक्टरांचे प्रश्न त्याच काळजीतून येतात. नाव काय, पुढचं स्टेशन कितवं, शेवटचं पाणी कधी प्यायलात, या उत्तरांपेक्षा ती कशी दिली जातात याकडे त्यांचं लक्ष असतं. अंग गार पडायला लागलं की माणूस अडखळतो, तोंडातल्या तोंडात बोलतो, बॅगेची चेन त्याला लावता येत नाही. गरजेपेक्षा जास्त पाणी पिऊन रक्तातलं सोडियम उतरलं तरी गोंधळलेपण येतं, आणि तेव्हा आणखी पाणी पाजणं हा उलटा उपाय ठरतो. तुम्ही डॉक्टरांशी कडाक्यानं भांडलात, तेव्हा त्यांनी वहीत ‘उत्तम’ असा शेरा लिहिला, एवढं इथे सांगतो.

अंतराबद्दल फार लिहीत नाही. रस्त्यावरची मॅरेथॉन मोजणीच्या सायकलनं मोजतात, डोंगरवाटेवर ती चालत नाही. दाट झाडीत आणि कड्याखाली जीपीएसचा सिग्नल भरकटतो, आणि एकाच गटातल्या चौघांची घड्याळं चार आकडे सांगतात. तसंही डोंगरात नुसत्या किलोमीटरला फारसा अर्थ नसतो. आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग असोसिएशन अंतरात दर 100 मीटर चढाईला एक किलोमीटर मिळवून शर्यतीचं वजन ठरवते. त्या हिशेबानं 50 किलोमीटर आणि 3,000 मीटर चढ म्हणजे 80.

राहिला समारंभ. तुमचं हे वाक्य मी दोनदा वाचलं : ‘ही शर्यत आहे की मिरवणूक?’

पहिला धावपटू येतो तेव्हा त्याचं स्वागत होतंच. फोटो होतात, मुलाखत होते, जोरात टाळ्या पडतात. फक्त बक्षिसं आम्ही शर्यतीची शेवटची वेळ संपेपर्यंत देत नाही. हे आमच्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. अमेरिकेतल्या वेस्टर्न स्टेट्स या 100 मैलांच्या शर्यतीत 30 तासांची मर्यादा आहे, आणि तिथला शेवटचा तास बघायला लोक ट्रॅकभोवती गर्दी करतात. 2015 मध्ये 70 वर्षांच्या गुनहिल्ड स्वॉन्सन 29 तास 59 मिनिटं 54 सेकंदांत आल्या. सहा सेकंद उरले होते. त्या वर्षीचा विजेता रॉब क्रार कित्येक तासांपूर्वी शर्यत संपवून मोकळा झाला होता. शेवटच्या टप्प्यात तो पायात चपला घालून त्यांच्यासोबत धावत आला. आमच्या विजेत्यांनीही थांबण्याबद्दल तक्रार केलेली नाही. उलट घंटेची दोरी सोडायला त्यांतले दोघं तयार नव्हते.

आणि ज्यांना तुम्ही रखडत येणारे म्हणता, ते तिसऱ्या स्टेशनवर तुमच्या आधी, वेळेत पोहोचले होते. विजेत्यापेक्षा दुप्पट वेळ ते डोंगरात होते. उन्हातून अंधारात गेले, हेडलॅम्पच्या उजेडात खुणेच्या फिती शोधत आले, आणि छापलेल्या प्रत्येक वेळेच्या आत राहिले. तुम्हाला सहा मिनिटं सोडली असती, तर तेवढ्याच सहा मिनिटांसाठी धारेवर जीव काढणाऱ्या, त्यांच्यातल्याच एका बाईंना मी काय सांगणार होतो? घंटा वाजते ती वेळ सगळ्यांना सारखी आहे म्हणून. शेवटी उदार मनानं वाटलेल्या मेडलसाठी कुणी रात्री डोंगराखाली दहा तास उभं राहत नाही.

तेव्हा मेडल देता येणार नाही आणि फीही परत मिळणार नाही. फीचा मोठा वाटा शर्यतीच्या आधीच रेडिओ, वैद्यकीय पथक, विमा आणि वाटेवरच्या खुणांवर खर्च होतो, आणि तुम्ही जिथपर्यंत धावलात तिथपर्यंत ते सगळं तुमच्यासाठी होतंच. तिसऱ्या स्टेशनपर्यंतच्या तुमच्या वेळा निकालात आहेत, त्या काढल्या जाणार नाहीत. पुढच्या वर्षी नाव द्यायचं असेल तर नोंदणी सगळ्यांसोबतच उघडेल. तिसऱ्या स्टेशनची वेळ तीच राहील, त्यामुळे सरावात दुसऱ्या ते तिसऱ्या स्टेशनमधल्या टप्प्यासारखी लांब, कमी चढाची वाट जास्त धावा. तुमचा वेळ चढावर गेला नाही, तिथे गेला.

अजून एक. तुमची ड्रॉप बॅग, म्हणजे आमच्याकडे सोपवलेली सामानाची पिशवी, फिनिशलाच राहिली आहे. निळी, बिबचा नंबर लावलेली. आत ओले बूट असावेत असं वासावरून वाटतं. पत्ता कळवलात तर या आठवड्यात पाठवतो, पाठवण्याचा खर्च आमच्याकडून.

– शर्यतीचा आयोजक